सुनेच्या नावाचा दमा

मार्च सरता सरता गारा पडल्या आणि सुनारखेडीतला उभा गहू आडवा झाला. ज्यांचा कापून झाला होता त्यांनी देवापुढे नारळ फोडला. ज्यांचा राहिला होता त्यांनी शेजाऱ्याच्या नशिबाला शिव्या दिल्या. जगदाळ्यांचा राहिला होता. पुढे उन्हं कडक पडली, गहू वाळला, पण वरवर वाळला. पेंढ्यांच्या पोटात काळी बुरशी धरली होती. थ्रेशरमध्ये पेंढी गेली की दाणा एकीकडे, भुसा दुसरीकडे आणि मधून काजळीसारखा धुरळा. हार्वेस्टर लावला असता तर काम चटकन उरकलं असतं. पण लोळलेला गहू हार्वेस्टर नीट उचलत नाही, वर भुसाही हातचा जातो, आणि म्हशी काही हार्वेस्टरकडे बघून दूध देत नाहीत. मजूर बघावेत तर ज्याची नड जास्त त्याच्याकडे ते आधीच पळालेले, हाती लागल्या दोन-चार मजुरणी. शेवटी जगदाळ्यांच्या घरच्या बायका खळ्यावर उतरल्या.

उतरल्या म्हणजे घरच्यांच्या भाषेत "जरा हात लावायला गेल्या". शिपाईगिरी करून ज्या मराठ्यांनी ग्वाल्हेरच्या आसपास जमिनी मिळवल्या, त्यांच्या बायका शेतात राबत नाहीत, असा एक समज त्या घरांनी फार काळजीने जपलेला आहे. समज पुरुष जपतात, पेंढ्या बायका उचलतात. कामाची अशी वाटणी असल्यावर भांडणाला जागा राहत नाही.

खळं दोन भावांचं. थोरले संभाजीराव, धाकटे जयसिंहराव. चुली वेगळ्या, जमीन एकत्र, थ्रेशर एकत्र, आणि एकमेकांवरचा डोळा तर फारच एकत्र. घराची रीत अशी की थ्रेशरच्या तोंडाशी जो उभा राहून पेंढ्या सारतो, त्याचा शब्द वर्षभर चालतो. कुणाच्या रानाला आधी पाणी, गहू केव्हा विकायचा, ट्रॅक्टर कुणाकडे, सगळं तोच ठरवणार. संभाजीराव साठी ओलांडूनही त्या जागेवर उभे होते. डोक्याला फेटा, तोंडाला फडकं नाही, छाती पुढे. जयसिंहराव ट्रॅक्टरवर बसून थोरल्या भावाच्या तब्येतीची वाट बघत होते. तोंडाने मात्र दर अर्ध्या तासाने म्हणायचे, "दादासाहेब, थकला असाल तर मी येतो ना."

"थकायला काय झालं?" संभाजीराव ओरडायचे.

आवाज मात्र फाटका निघायचा. एकेकाळी खळ्यावरून हाक मारली की सडकेवरचा टेम्पो थांबायचा, असा तो आवाज. यंदा होळीपासून बसला होता तो बसलाच. धुरळ्याने बसला, असं सगळे म्हणत. संभाजीरावांनीही तसंच म्हणायचं ठरवलं होतं.

स्मृती ही संभाजीरावांची सून. माहेर ग्वाल्हेर शहरात, दर्पण कॉलनीत. वडील पोलीस खात्यातून निवृत्त. तिला कॉलेजपासून दमा होता, अगदी हलका. नया बाजारात वनमालाबाई नावाच्या डॉक्टर होत्या, त्यांनी दोन पंप दिले होते. तपकिरी पंप रोज सकाळ-संध्याकाळ ओढायचा, बरं वाटो न वाटो. निळा फक्त श्वास अडकला तर. "तपकिरी ओढलास की चूळ भरायची, विसरायचं नाही. नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात, आवाज बसतो," असं त्यांनी बजावलं होतं. स्मृती हे नेमाने करायची, म्हणून ती कॉलेजात खेळलीही आणि लग्नात नाचलीही.

लग्न ठरताना तिच्या वडिलांनी हे सगळं उघड सांगितलं होतं. स्मृतीच्या सासूबाई सुमनताई तेव्हा मोठ्या मनाने म्हणाल्या होत्या, "आमची काही हरकत नाही." हे वाक्य त्यांनी त्या दिवशी एकदा म्हटलं आणि त्यानंतर वसूल करायला घेतलं. स्मृतीकडून कढीत मीठ जास्त पडलं तरी "आम्ही हरकत घेतली नाही हो", माहेरी जायचं म्हटलं तरी "आम्ही हरकत घेतली नाही". दिलेलं विसरावं असं म्हणतात, पण ते न दिलेल्या माणसांनी म्हटलेलं असावं.

पंपही सुमनताईंच्याच कपाटात. चांदीची भांडी, केशराची डबी, तपकिरी पंप. निळा तेवढा स्मृतीच्या कमरेला. सकाळी आंघोळ झाली की तिने सासूसमोर उभं राहायचं.

"आईसाहेब, पंप."

सुमनताई किल्ल्यांचा जुडगा कमरेतून काढायच्या, कपाट उघडायच्या आणि पंप तिच्या हातावर ठेवायच्या, तीर्थ द्यावं तसा. ती ओढून चूळ भरून येईपर्यंत हात पुढेच.

"झालं? दे इकडे. महागाची चीज आहे."

खळ्यावर निराळीच पंचाईत. या घरात सुना वडीलधाऱ्या पुरुषांसमोर तोंडात काही घालत नाहीत. पाण्याचा घोटही पाठ करून, पदराच्या आत. पंप म्हणजे औषध खरं, पण जातो तोंडातच, तेव्हा तोही त्याच कायद्यात बसवला गेला. श्वास अडकला की स्मृतीने पाटी खाली ठेवायची, पदर नाकापर्यंत ओढलेला तसाच ठेवून भुशाच्या ढिगामागे जायचं आणि तिथे निळा पंप ओढायचा. धुरळा सगळ्यात दाट कुठे, तर त्याच ढिगामागे. श्वास मोकळा करायला जायची आणि पहिल्या श्वासाला मूठभर भुसा आत घेऊन यायची.

त्या दिवशी ती दुपारपर्यंत तिसऱ्यांदा गेली. ट्रॅक्टरवरून जयसिंहरावांनी बघितलं.

"वहिनीसाहेब," ते सुमनताईंना म्हणाले, "तुमची सूनबाई सारखी भुशात काय शोधायला जाते? काही हरवलंय का तिचं?"

मजुरणी हसल्या. सुमनताईही हसल्या. दिराच्या विनोदाला हसणं भागच असतं. जयसिंहरावांची सून ढिगापाशी दाताळ्याने भुसा ओढता ओढता दम खात होती, ती तेवढी हसली नाही.

"शहरचं पाणी, भाऊजी. तिला धुरळा सोसत नाही."

थ्रेशरच्या तोंडाशी संभाजीराव पेंढीमागून पेंढी सारत होते. काळा धूर थेट त्यांच्या तोंडावर. ते वळून म्हणाले, "आजकालच्या पोरींना श्वास घ्यायलाही मशीन लागतं." आणि पुन्हा पेंढी. सासऱ्यांचं हे वय, समोर हा धुरळा आणि एकदा खोकणं नाही. स्मृती ढिगाला टेकून ऐकत होती. तिची बरगड्यांखालची जागा ताणून दुखत होती, नाकपुड्या फुलत होत्या, आणि छातीतून बारीक शिट्टी निघत होती, दाराच्या फटीतून वारा आल्यासारखी. तिला स्वतःची लाज वाटली. ही लाज तिला फुकट लावली गेली होती, हे तिला नंतर कळायचं होतं.

रोज तपकिरी ओढूनही श्वास दिवसेंदिवस आखडत गेला. पायऱ्या चढली की थांबायला लागलं. एके दुपारी हातातली पाटी घेऊन ती खळ्यावर खाली बसली ती उठेना, तेव्हा नवऱ्याला, विक्रमसिंहाला, ट्रॅक्टरची कामं सोडून तिला मोटरसायकलवर घालून नया बाजारात न्यावं लागलं. विक्रमसिंह शहरात एका शोरूमच्या दारात सिक्युरिटीला होता आणि कापणीसाठी रजा काढून आला होता. रजेचा एक दिवस असा गेला म्हणून तो सबंध रस्ताभर उरलेले दिवस मोजत होता.

वनमालाबाईंनी छाती तपासली, पंप हातात घेतला, हलवला, नळी काढून बघितली.

"हा किती दिवसांचा?"

स्मृतीने सांगितलं.

"मग हा इतक्यात संपायला नको. यात औषध नाहीये, स्मृती. उडतोय तो नुसता वायू. तू रोज रिकामं ओढतेयस." बाईंनी चष्मा वर केला. "किती वेळा घेतेस? खरं सांग. जास्त घेऊन फायदा नसतो."

"सांगितलंय तेवढंच, बाई."

"मग कुठे गेलं औषध?"

 विक्रमसिंहाने याचं उत्तर मनात तयार केलं. नवा पंप घेऊन घरी आल्यावर त्याने आईला सांगितलं, "डॉक्टर म्हणाल्या, ही जास्त घेते." बाई तसं म्हणाल्या नव्हत्या, त्यांनी विचारलं होतं. पण प्रश्न घरी पोचेपर्यंत निकाल होतो, हे काही फक्त जगदाळ्यांकडेच होत नाही.

"चटक लागली," सुमनताई म्हणाल्या. "मी तर म्हणतच होते. ह्या पंपांची चटकच लागते. एकदा तोंडाला लागला की सुटत नाही."

"आईसाहेब, कपाटाची किल्ली तुमच्याकडे असते. मी जास्त कशी घेईन?"

"ते तुलाच ठाऊक."

आणि त्या दिवसापासून हिशेब बदलला. सकाळी पंप मिळेल, संध्याकाळी नाही. चटक मोडायची असेल तर हात आखडलाच पाहिजे. स्मृती म्हणाली, डॉक्टरांनी दोन वेळा सांगितलंय. सुमनताई म्हणाल्या, डॉक्टरांना काय जातं सांगायला. ओसरीवर बसून संभाजीरावांनी हे ऐकलं. बसक्या आवाजात ते म्हणाले, "घरातल्या मोठ्यांनी ठरवलं ते ठरवलं." आणि मिशीवरून हात फिरवला.

बातमी खळ्यावर पोचली. बायका पाट्या उचलताना तिच्याकडे बघू लागल्या, दारुड्याच्या बायकोकडे बघतात तशा नाही, दारुड्याकडे बघतात तशा. एका मजुरणीने तर मायेने सल्लाही दिला, "बहूजी, मेरे जेठ की बीड़ी छूट गई थी, सौंफ चबाया करो." स्मृतीने मान हलवली. अर्ध्या औषधावर, पुऱ्या धुरळ्यात ती काम करत राहिली. दुपारी पाठीवर घामाने भुसा चिकटायचा आणि खाज सुटायची. श्वास आत जायचा पण बाहेर यायला नको म्हणायचा. बोलायला दोन तुकडे लागायला लागले. "आईसाहेब," मग श्वास, मग "भाजी कापू का?" सुमनताईंना त्यात नाटक दिसलं.

संभाजीरावांचं तोंड आलं, ते याच दिवसांत. तिखट चालेना, गरम चहा चालेना. सुमनताईंनी त्यांच्यासाठी वेगळी फिकी डाळ सुरू केली. कडक उन्हाने तोंड येतं, म्हणाल्या. मग ज्येष्ठमधाचा तुकडा, मग तुरटीचं पाणी. कशाने उतार नाही. एका दुपारी खळ्यावरून जेवायला आले आणि ओसरीवर तक्क्याला टेकून त्यांनी तोंड वासलं. सुमनताई बोटाने मध लावत होत्या. स्मृती ताक घेऊन दारात आली होती. पदर डोळ्यांपर्यंत होता, पण पदराखालून जेवढं दिसायचं तेवढं दिसलं. जिभेवर, टाळूवर, गालाच्या आत पांढरे चट्टे. दुधावर फाटकी साय धरावी तसे.

तिने ताकाचा तांब्या उंबऱ्याशी ठेवला. आत गेली. चुलाण्याजवळच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. पांढरे चट्टे, बसलेला आवाज, काजळी ओढूनही न येणारा खोकला, आणि मुदतीआधी रिकामा झालेला पंप. कोणाला तरी तिच्या औषधाने छान बरं वाटत होतं. फक्त चूळ भरायचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

सुमनताई पोळ्या करायला आत आल्या.

"आईसाहेब, बाबासाहेब माझा पंप घेतात."

सुमनताईंनी तव्यावरची पोळी उलटली. "हळू बोल."

"घेतात ना?"

"घेतात. मग?"

त्या "मग"मध्ये पोळी उलटण्याइतकाच निवांतपणा होता.

"कधीपासून?"

"हिवाळ्यात छाती भरायला लागली त्यांची. रात्री बसून राहायचे. तुला त्याने बरं वाटतं ते बघत होते मी. एकदा दिला, बरं वाटलं. मग रोज दिला."

"आणि मला चटक लागली म्हणालात."

"मग काय म्हणणार होते? पंप संपला तर कुणीतरी संपवायला नको का?" सुमनताईंनी पोळी फुलवली, उतरवली, तूप लावलं. हात एकदाही चुकला नाही. "हे बघ, स्मृती. सुनेचा दमा घरात राहतो. कर्त्याचा दमा चव्हाट्यावर जातो. आज भाऊजींना कळलं की उद्या वाटणी मागतील. म्हणतील, दादासाहेबांना झेपत नाही, थ्रेशर इकडे, ट्रॅक्टर इकडे. तुझ्याच नवऱ्याचं नुकसान आहे त्यात."

"मग त्यांच्यासाठी दुसरा आणा ना. शहरातून आणा, कुणाला कळणार आहे."

"तुझ्या नावाने येतोच आहे की एक. दोन-दोन कशाला?"

स्मृतीला वाटलं आपण हसतो आहोत. पण घशातून शिट्टीच निघाली.

"दमा माझा," ती म्हणाली, आणि श्वास घेतला, "आणि सोय तुमची."

"आवाज खाली."

"मला अर्धा देता, अर्धा त्यांना. वर खळ्यावर ते म्हणतात, पोरींना श्वास घ्यायला मशीन लागतं. माझंच मशीन तोंडात घालून म्हणतात."

"तुझं वय आहे. तुला निभतं." सुमनताईंनी पुढची पोळी टाकली. "आणि आम्ही हरकत घेतली नव्हती, हे विसरू नकोस."

विक्रमसिंहाला तिने गोठ्यामागे गाठलं. तो ट्रॉलीच्या चाकात हवा भरत होता. ऐकून तो आधी लाल झाला, मग पांढरा, मग नेहमीसारखा.

"तुम्हाला माहीत होतं?"

"नाही गं. कसम से. आत्ताच ऐकतोय."

"मग आता जाऊन आईसाहेबांना सांगा, चटक हा शब्द परत घ्या. सगळ्यांसमोर बोलल्या, सगळ्यांसमोर परत घ्या."

"आईला मी असं थोडीच सांगणार?" त्याने आजूबाजूला बघितलं. "छोड़ ना यार. कटाई होऊन जाऊ दे, फिर देखेंगे. बाबांच्या इज्जतीचा सवाल आहे."

"आणि माझ्या श्वासाचा?"

"तुझा दमा तर हलका आहे ना. तूच म्हणत होतीस."

हे खरं होतं. औषध मिळत होतं तोवर तो हलकाच होता.  विक्रमसिंह वाईट माणूस नव्हता. शोरूमच्या दारात दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करता करता घरातही दाराशीच उभं राहायची त्याला सवय झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्मृती सासूसमोर हात पसरून उभी राहिली नाही. सगळे खळ्यावर निघाले तेव्हा ती उलट्या वाटेने सडकेकडे चालू लागली. थांबत, श्वास गोळा करत, पुन्हा चालत. टेम्पोत बसली, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात उतरली. सुनारखेडीची सून एकटी शहरात गेली ही बातमी टेम्पो वळायच्या आत परत गावात पोचली असणार. पोचू दे, ती म्हणाली, मनात नाही, तोंडाने. शेजारचा भाजीवाला सरकून बसला.

वनमालाबाईंनी तिला आधी खुर्चीवर बसवून वाफेचं औषध दिलं. मग सगळं ऐकलं. ऐकताना त्यांचं पेन टेबलावर टकटक करत होतं आणि टकटक वाढत गेली.

"तुझ्या सासऱ्यांना न तपासता मी काही लिहून देणार नाही. कदाचित दमा असेल, कदाचित दुसरंच काही असेल. या वयात छाती भरते तेव्हा बघायला हवं. आणि तोंडात जे झालंय त्याला वेगळं औषध लागतं. गुरुवारी घेऊन ये त्यांना."

"ते येणार नाहीत."

"मग मरू देऊ का मी त्यांना?" बाई चिडल्या. मग स्वतःच शांत झाल्या. "बाळ, तू आजपासून दोन्ही वेळा घे. पंप तुझ्याजवळ ठेव. कुणाच्या कपाटात नाही. हे औषध आहे, दागिना नाही."

नई सडकेवरच्या औषधाच्या दुकानात तिने चिठ्ठी दाखवली आणि गाठीला होतं ते मोडून दोन तपकिरी पंप मागितले. दुकानदाराने दोन दिले. कुणासाठी म्हणून विचारलं नाही. तिने त्याच्याकडून पेन मागून घेतलं आणि एका खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: श्री. संभाजीराव जगदाळे. तिथेच उभ्याने दुसऱ्या खोक्यातला पंप काढून ओढला, दुकानाबाहेरच्या नळावर चूळ भरली. रस्त्यावर इतके पुरुष होते, एकालाही काही झालं नाही.

ती खळ्यावर पोचली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. थ्रेशर धडधडत होता. काळा धुरळा बाभळीपर्यंत उठला होता. विक्रमसिंह तिला बघून ढिगावरून उतरत धावला.

"कहाँ गई थी? आई किती..."

ती त्याच्या बाजूने पुढे गेली. ट्रॅक्टरवर जयसिंहराव होते. तिने त्यांच्याकडे बघून हाताने खूण केली, बंद करा. सुनेने चुलत सासऱ्याला हाताने खूण करणं हे या घरात पहिल्यांदाच घडत होतं. जयसिंहरावांनी चटकन बंद केला. आज्ञा पाळली असं नाही. भावाच्या घरात काहीतरी फुटणार याचा वास त्यांना लांबूनही येत असे.

एकदम शांत झालं. पट्टा फिरत फिरत थांबला. सुमनताई पाटी घेऊन उभ्या राहिल्या.

स्मृती थ्रेशरच्या तोंडाशी गेली. संभाजीरावांच्या हातात पेंढी तशीच होती. भुवया, मिशा, फेटा, सगळं काळं. तिने डोक्यावरचा पदर मागे सारला, कारण बोलायला हवा लागते.

"बाबासाहेब, हा तुमचा." तिने खोकं पुढे केलं.

"काय आहे हे?" बसका आवाज.

"पंप. तुमचं नाव लिहिलंय वर. हिवाळ्यापासून माझा घेताय, आता हा घ्या. डॉक्टरांनी गुरुवारी बोलावलंय, छाती तपासायला. तोंडालाही औषध देणार आहेत. मध लावून ते जाणार नाही. ओढल्यावर चूळ भरत नाही तुम्ही, म्हणून झालंय."

कुठेतरी एक मजुरीण "हाय दैया" म्हणाली.

"स्मृती!" सुमनताई ओरडल्या.

"आईसाहेब, चटक मला लागली नव्हती. इथे सगळ्यांसमोर लावलीत, इथेच काढून घ्या."

संभाजीराव खोक्याकडे बघत होते. आपलं नाव त्यांनी जमिनीच्या खसऱ्यावर बघितलं होतं, लग्नपत्रिकांवर बघितलं होतं, समाजाच्या बैठकीच्या बोर्डावर बघितलं होतं. औषधावर पहिल्यांदा बघत होते. त्यांची छाती वरखाली व्हायला लागली. रागाने की कशाने, ते त्यांनाच ठाऊक.

"कुणी सांगितलं तुला?"

"तुमच्या जिभेने."

त्यांनी खोकं तिच्या हातातून हिसकलं. फोडलं, आतला पंप मुठीत घेतला आणि भिरकावला. मूळ बेत बांधापलीकडे टाकायचा असावा, पण हातात जोर नव्हता. पंप ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाशी भुशात जाऊन पडला.

"आमच्या घरात," ते म्हणाले, आणि वाक्य तुटलं. श्वास घ्यायला थांबले. "आमच्या घरात असलं काही कुणाला नाही." पुन्हा थांबले. प्रत्येक तुकड्यानंतर थांबावं लागत होतं, आणि ते लपवायला आता थ्रेशरचा आवाजही नव्हता. गेले कित्येक दिवस स्मृती अशीच बोलत होती, आणि सुमनताईंना त्यात नाटक दिसलं होतं. आता त्या नवऱ्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या हातातली पाटी कलंडत चालली होती.

जयसिंहराव ट्रॅक्टरवरून उतरले. फार सावकाश, सावरून. इतकी वर्षं ज्या घडीची वाट बघितली ती समोर उभी राहिल्यावर माणसाने घाई करू नये, हे त्यांना कळत होतं. चेहऱ्यावर काळजी नीट पसरून घेतली.

"दादासाहेब, असं रागावून कसं चालेल? औषध आहे शेवटी. बरं नसेल तर स्पष्ट सांगायचं. मी आहे ना. आजपासून इथे मी उभा राहतो, तुम्ही सावलीत बसा. पुढचं सगळं आपण बसून ठरवू, पाण्याचं, ट्रॅक्टरचं..." बोलता बोलता ते वाकले, भुशातून पंप उचलला. कुणाकडे न बघता तो धोतराच्या सोग्याला पुसला. झाकण अंगठ्याने टचकन उडवलं, तोंडाच्या नळीत फुंकर मारून भुसा काढला, पंप उभा धरून सफाईने हलवला आणि एकदा हवेत दाबून बघितला. नव्या पंपाची पहिली फवारणी वाया घालवावी लागते, हे स्मृतीलाही वनमालाबाईंनी दोनदा सांगितल्यावर कळलं होतं.

बोलणं चालूच होतं. "...तब्येतीपुढे काही नाही, दादासाहेब..." आणि मग त्यांना जाणवलं की ऐकणारे त्यांच्या तोंडाकडे बघत नाहीत. हाताकडे बघत आहेत.

हात हवेत तसाच राहिला.

संभाजीरावांनी भावाकडे बघितलं. धुरळ्याखालचे ते डोळे पहिल्यांदाच जरा मोठे झाले. सुमनताईंची पाटी खाली पडली. विक्रमसिंह बापाकडून काकाकडे आणि काकाकडून बापाकडे बघू लागला, दोन्ही दारांतून एकदम गिऱ्हाईक आल्यासारखा.

स्मृती वळली. पदर मागेच होता.

"काकासाहेब," तिने विचारलं, "तुम्ही कुणाचा घेता?"

जयसिंहराव पंपाचं झाकण परत लावायला लागले. पण भुशाच्या ढिगापाशी, पदर हनुवटीपर्यंत ओढून उभ्या असलेल्या त्यांच्या सुनेने हातातलं दाताळं खाली टाकलं.